सर, हे कुठी लिहिलं हाय?

माझ्या अब्बांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून. चुलत्यांची १ जुलै. आमच्या गल्लीत १ जुलैला जन्मलेली चार म्हातारी माणसं आहेत. एवढी माणसं एकाच दिवशी कशी काय जन्माला आली, हा प्रश्न मी दरवर्षी शाळा सुरू झाली की सातवीच्या वर्गात टाकतो.

मी मौद्याला इतिहास शिकवतो. सातवीच्या पुस्तकातला पहिलाच धडा 'इतिहासाची साधने' हा आहे. भौतिक, लिखित, मौखिक ही तीन नावं मुलं दोन दिवसांत पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. साधनांचं मूल्यमापन करावं लागतं, असंही त्याच धड्यात पुढे आहे. पण तेवढा परिच्छेद 'एवढं विचारत नाहीत' म्हणून सगळेच सोडून देतात. म्हणून मी एक घरचा अभ्यास देतो. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचा जन्म कधीचा ते दोनदा लिहून आणायचं. एकदा कागद बघून आणि एकदा त्या माणसाला विचारून.

वह्या येतात तेव्हा मजा असते. कागदावर १ जुलै. आजी म्हणते, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी झाली मी. एकाची दादी सांगते, शबे-बरातची आदली रात्र होती. मग मी विचारतो, खरं कोणतं? सगळा वर्ग एका आवाजात ओरडतो, कागद! कारण कागदावर शिक्का असतो.

मग मी विचारतो की तो कागद लिहिला कोणी आणि कधी. आजोबा सहा-सात वर्षांचे झाल्यावर त्यांना शाळेत नेलं. मास्तरांनी हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो का ते पाहिलं. लागला, म्हणजे शाळेचं वय झालं. रजिस्टरचा रकाना रिकामा ठेवता येत नव्हता, म्हणून शाळा सुरू होण्याच्या सुमाराची एक तारीख टाकली. मास्तरांना खोटं बोलायचं काही कारण नव्हतं, पण जन्माच्या वेळी ते तिथे नव्हते. आजीला साल सांगता येत नाही, पण दिवस तिला तिच्या आईने सांगितला, आणि आई तर तिथेच होती. म्हणजे सालाच्या अंदाजासाठी कागद बरा आणि दिवसासाठी आजी बरी. कागद खोटा आहे असं नाही, ज्या गोष्टीची त्याला माहितीच नव्हती ती त्याला विचारू नये, इतकंच. हे एकदा मुलांच्या डोक्यात बसलं की माझं अर्धं काम होतं.

२०२० च्या ऑगस्टअखेरीस कन्हानला पूर आला होता, तो आजही मुलांच्या बोलण्यात असतो. पाणी किती चढलं ते मी विचारतो. एकाच घरातले दोन भाऊ दोन उंची सांगतात. धाकट्याच्या गळ्यापर्यंत आलेलं पाणी थोरल्याच्या छातीपर्यंतच असतं, आणि दोघंही खरं बोलतात. भिंतीवर चिखलाची रेघ असेल तर ती कोणाच्या उंचीने बदलत नाही. आणि पंचनामा? तिथे नुकसानीचा आकडा असतो. भरपाई मिळणार असली की सांगणाऱ्याचा हात थोडा मोकळा होतो आणि देणाऱ्याचा थोडा आखडतो. आकडा वाचताना तो कोणत्या कामासाठी लिहिला हे आधी पाहावं लागतं. शेतकऱ्याच्या पोरांना हे समजावून सांगावं लागत नाही. ती हसतात, कारण त्यांनी ते पाहिलेलं असतं.

इथून मी शिवाजी महाराजांच्या जन्मतारखेकडे येतो. १९ फेब्रुवारीची सुट्टी सगळ्यांना माहीत आहे. ती तारीख ठरवायला किती वर्षं लागली हे फारसं कोणाला माहीत नसतं. बखरींवर विसंबून बराच काळ १६२७ साल, वैशाखातली तिथी सांगितली जायची. मग भोरजवळच्या कारीच्या जेधे घराण्यातली शकावली पुढे आली. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद होती. एका कागदावर एवढी जुनी समजूत कशी सोडायची, असा वाद झाला आणि तो रास्तच होता. नंतर महाराजांच्या हयातीत परमानंदाने लिहिलेलं 'शिवभारत' हे संस्कृत काव्य तंजावरात मिळालं. त्यातही तीच तिथी. राजस्थानात एका ज्योतिषाच्या संग्रहात कुंडली मिळाली, तिचाही मेळ त्याच दिवसाशी. मावळातला देशमुख, संस्कृत कवी आणि राजस्थानातला ज्योतिषी. या तिघांनी एकमेकांचं पाहून लिहिलं असेल असं मानायला काही आधार नाही. तीन वाटांनी आलेली माणसं एकच गोष्ट सांगू लागली की कान द्यावा लागतो.

इथपर्यंत शिकवणं सोपं आहे. १६२७ की १६३०, यात कोणाचं काही जात नाही. मला अडचण आली ती पुढे, आणि ती माझ्या स्वतःच्या तोंडून आली.

काही वर्षांपूर्वी शिवजयंतीच्या कार्यक्रमात मला बोलायला बोलावलं. मुसलमान मास्तर महाराजांवर बोलणार म्हणून गर्दी बरी होती. मी आग्र्याची गोष्ट सांगितली. महाराज पेटाऱ्यातून निघाले, त्यांच्या जागी हिरोजी फर्जंद पांघरूण घेऊन निजला, आणि जिवाची पर्वा न करता पाय चेपत बसला तो मदारी मेहतर. एक मुसलमान पोरगा. हे वाक्य मी थांबून थांबून म्हटलं. टाळ्या पडल्या. एका तरुणाने येऊन गळ्यात भगवा शेला घातला. घरी येताना मला फार बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू, त्या रात्री मौदा मला रोजच्यापेक्षा जास्त माझं वाटलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात एक मुलगी उठली. तारशाकडून एसटीने येणारी, बोलायला कमी. तिने विचारलं, "सर, तो मदारी कुठी लिहिलं हाय?"

मी म्हटलं, सगळ्या पुस्तकांत आहे. ती म्हणाली, "पण पह्यल्यांदा कोनं लिहिलं? आजीच्या वेळंले तुमीच म्हनलं ना, तिथं कोन होतं ते पाहा म्हनून."

मला उत्तर देता आलं नाही. उद्या सांगतो म्हटलं, आणि तो उद्या यायला चार महिने लागले. नागपूरच्या ग्रंथालयात मी सुट्टीच्या दिवशी बसू लागलो.

आग्र्याच्या प्रसंगाबद्दल आपल्याकडे जी साधनं आहेत त्यांत सगळ्यात जवळची म्हणजे राजस्थानी पत्रं. महाराज आग्र्यात असताना आंबेरच्या कछवाह राजाची माणसं तिथून आंबेरला जवळजवळ रोजची बातमी लिहीत होती. परकालदास नावाचा कारकून कल्याणदासला लिहितो. ही पत्रं जदुनाथ सरकार आणि सीतामऊचे रघुवीरसिंह यांनी १९६३ साली प्रसिद्ध केली. महाराज अंगाने किरकोळ आणि वर्णाने फार गोरे दिसतात, हेही त्यांतल्याच एका पत्रातून कळतं. परकालदासला महाराजांची स्तुती करायची नव्हती आणि निंदाही करायची नव्हती. मात्र त्याचा एक स्वार्थ होता. मिर्झाराजांचा मुलगा रामसिंग महाराजांना जामीन राहिला होता, आणि पलायनानंतर पहिला संशय त्याच्यावरच आला. त्यामुळे रामसिंगाला ज्याने दोष लागेल अशा जागी हा लेखक सावध असणार, हे धरून ती पत्रं वाचावी लागतात. १७ ऑगस्ट १६६६ च्या त्या गडबडीची बातमी त्यांत आहे. मदारीचं नाव नाही.

दुसरं साधन सभासदाची बखर. कृष्णाजी अनंत सभासदाने ती १६९७ मध्ये जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली. घटनेनंतर तीस वर्षांनी, पण स्वतः महाराजांच्या पदरी राहिलेला माणूस. पेटारे त्याच्याकडे आहेत. हिरोजी फर्जंद आहे. आणि हे वाचताना मी खुर्चीत सरळ झालो, की पाय रगडायला बसवलेला एक पोरगाही आहे. फक्त त्याला नाव नाही, जात नाही, धर्म नाही. एक पोरगा, बस्स.

म्हणजे मुलगा आहे आणि नाव नंतरचं आहे. उत्तरकाळातल्या लेखनात आणि लोकपरंपरेत त्याला मदारी मेहतर हे नाव मिळालं. महाराजांच्या काळाच्या ज्या कागदांवर आग्र्याचा इतिहास उभा आहे, त्यांत ते सापडत नाही. मदारी नावाचा माणूस नव्हताच, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणायलाही पुरावा लागतो. पण आग्र्यात त्या पलंगापाशी तोच बसला होता, हे ज्या ठामपणे मी माईकवर सांगितलं, तसं सांगायचा मला हक्क नव्हता.

चार महिन्यांनी मी त्या वर्गाला हे सगळं सांगितलं. मुलीने वहीत लिहून घेतलं आणि खाली बसली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता. माझ्या दृष्टीने तो तेव्हा सुरू झाला. जुम्म्याच्या नमाजनंतर एक वडीलधारे गृहस्थ मला मशिदीबाहेर थांबवून म्हणाले, "मास्टरसाब, एकच तर नाव होतं आपलं. तेही तुम्हीच पुसून टाकलं."

त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं नाही, आजही नेत नाही. मदारीची गोष्ट आम्ही इतिहास म्हणून सांगतच नाही, दाखला म्हणून सांगतो. भाड्याने घर बघायला गेल्यावर खिशात आधार कार्ड ठेवावं तसं हे नाव आम्ही जवळ बाळगतो. कोणी विचारलं, तुमचं इथे काय होतं, की काढून दाखवायचं. ज्याला हा प्रश्न कधी विचारला गेला नाही, त्याला त्या दाखल्याची किंमत कळणार नाही. पण म्हणूनच तो दाखला बनावट निघाला तर जास्त महागात पडतं. त्याच वर्षी एका फोनच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं होतं की मदारी खोटा, म्हणजे ते सिद्दी इब्राहीम वगैरेही खोटेच. खोट्याच्या शेजारी बसवलेला खराही असा उठवला जातो.

त्या वडीलधाऱ्यांना मी एक नाव सांगितलं, जे मदरशात शिकलेल्या माणसाला परकं नव्हतं. नूह इब्न अबी मरियम. इस्लामच्या दुसऱ्या शतकातला मोठा विद्वान, काझी. त्याने कुरआनच्या एकेका सूरहच्या फजिलतीच्या हदीसा रचल्या. विचारल्यावर त्याने सांगितलं म्हणतात, की लोक अबू हनीफांच्या फिकहात आणि इब्न इसहाकच्या लढायांच्या कथांत रमले होते. त्यांना कुरआनकडे वळवावं म्हणून मी हे केलं. हेतू यापेक्षा चांगला काय असेल? तरी मुहद्दिसांनी त्याला सोडलं नाही. त्याच्या रिवायती नाकारल्या आणि हदीस रचणाऱ्यांच्या यादीत कायमचं बसवलं. त्याला 'जामे' म्हणजे सगळं गोळा करणारा असं म्हणत. कोणीतरी पुढे जोडलं की सगळं गोळा केलं, एक सच्चेपणा तेवढा राहिला.

आपल्याकडच्या मुलांना साधनांची पारख म्हणजे काहीतरी विलायती शास्त्र वाटतं. दहावीच्या पुस्तकात इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य परंपरेत रांके वगैरे नावं येतात, ती यायलाच हवीत. पण एक गोष्ट कोणी कोणाकडून ऐकली, त्या दोघांची भेट होणं शक्य होतं का, सांगणाऱ्याची स्मरणशक्ती कशी होती, तो कोणाच्या पक्षाचा होता, म्हातारपणी त्याचा गोंधळ व्हायला लागला होता का, याच्या नोंदी ठेवणारं अस्मा-उर-रिजालचं शास्त्र आमच्या घरात हजारावर वर्षं आहे. इमाम बुखारींची वफात हिजरी २५६ ची. सांगणाऱ्यांच्या त्या साखळीला सनद म्हणतात. मराठीत सनद म्हणजे राजाने दिलेला हक्काचा कागद. दोन्हींत प्रश्न एकच, दिलं कोणी? आणि चौदाव्या शतकात इब्न खल्दूनने आपल्या मुकद्दम्यात साखळीच्या पुढचं पाऊल टाकलं. सांगणारा कितीही भला असो, सांगितलेली गोष्ट घडणं शक्य आहे का तेही पाहा. बनी इस्राईलच्या लाखोंच्या सैन्याचा आकडा घेऊन त्याने विचारलं, एवढी माणसं त्या वाळवंटात मावतील कशी आणि लढतील कशी?

हा प्रश्न मी वर्गात फोनवरच्या याद्यांना लावायला लावतो. महाराजांच्या सैन्यात मुसलमान अमुक टक्के होते, असा संदेश दर फेब्रुवारीत फिरतो आणि पाठवणारे बहुतेक आमचेच असतात. टक्केवारी काढायची तर आधी सगळ्या सैन्याची हजेरी हवी, धर्माच्या रकान्यासह. ती हजेरी कोणी पाहिली आहे? नसेल तर आकडा कोणी काढला? मुलं पाच मिनिटांत यादीचा निकाल लावतात. मग ती माझ्याकडे जरा घाबरून बघतात, सरांना वाईट वाटलं का म्हणून.

वाईट वाटायचं कारण नाही, कारण खरं म्हणून जे उरतं ते थोडं नाही. प्रतापगडाखाली १० नोव्हेंबर १६५९ ला अफजलखानाच्या भेटीच्या वेळी महाराजांबरोबर जे निवडक अंगरक्षक होते, त्यांत सिद्दी इब्राहीमचं नाव 'शिवभारता'त आहे, म्हणजे महाराजांच्याच कवीने नोंदवलेलं. (आणि खानाचा वकील कृष्णाजी भास्कर. ही दोन नावं फळ्यावर शेजारी लिहिली की वर्ग थोडा वेळ गप्प होतो.) सुरुवातीच्या काळातला पायदळाचा सरनौबत नूरखान बेग सभासदाकडे आहे. केळशीचे बाबा याकूतही त्याच्याकडेच आहेत. दौलतखान तर शत्रूच्या कागदांत आहे. १६७९ मध्ये खांदेरीला महाराजांच्या आरमाराशी झुंज झाली तेव्हाच्या मुंबईच्या इंग्रजांच्या पत्रांत त्याचं नाव येतं. इंग्रजांना आमच्यावर मेहरबानी करायची नव्हती. त्यांना त्याचा त्रास होत होता, म्हणून त्यांनी लिहिलं.

शत्रूने नाइलाजाने लिहिलेल्या ओळीची किंमत काय असते, हे दाखवायला खाफीखानासारखा साक्षीदार नाही. हा मोगलांच्या बाजूचा, महाराजांचा उल्लेख शिव्या घातल्याशिवाय न करणारा. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर काही दशकांनी त्याने इतिहास लिहिला. तोच पुढे नोंदवतो, की मशिदीला, कुरआनला आणि कोणाच्याही बायकांना हात लावायचा नाही असा शिवाजीचा नियम होता. कुरआनाची प्रत हाती आली तर ती अदबीने ठेवून आपल्या मुसलमान नोकराला देत. हेच सभासदाने लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, धन्याचं मीठ खाल्लेला माणूस, चांगलंच लिहिणार. खाफीखानाने लिहिलं म्हणून ते भारी.

पण हे हत्यार दुधारी आहे. एकदा एका मुसलमान मुलाने विचारलं, "सर, काशीचं मंदिर औरंगजेबानं पाडलं हे इंग्रजांनी घुसवलेलं ना?" त्याला घरी असंच सांगितलं होतं. मला क्षणभर मोह झाला, 'वाद आहे' असं म्हणून पुढे जाण्याचा. मग खाफीखानाचा तास आठवला. १६६९ मध्ये काशी विश्वनाथाचं मंदिर पाडल्याची नोंद 'मआसिरे आलमगिरी'त आहे. लिहिणारा साकी मुस्तैदखान, बादशहाच्याच नोकरीतला. ग्रंथ १७१० मध्ये पुरा झाला आणि त्याने ती गोष्ट लपवत नाही, मिरवत लिहिली आहे. इंग्रज तेव्हा वखारीत कापूस मोजत होते. त्याच औरंगजेबाचं बनारसच्या ब्राह्मणांना आणि जुन्या देवळांना त्रास देऊ नये असं फर्मानही उपलब्ध आहे, १६५९ चं. दोन्ही कागद खरे आहेत. मी मुलाला एवढंच सांगितलं की खाफीखानाची साक्ष आपण आनंदाने घेतली ना, मग मुस्तैदखानाची पण घ्यावी लागेल. तो म्हणाला, "मंग घरी काय सांगू?" मी म्हटलं, हेच सांग, आणि माझ्याकडे पाठव. अजून कोणी आलं नाही.

आमच्या मुलांच्या सगळ्यात जवळचा राजा बख्त बुलंद शाह. नागपूर वसवणारा देवगडचा गोंड राजा. मौद्याहून तीसेक किलोमीटरवर महालात गोंडराजाचा किल्ला आहे, पण बहुतेकांनी तो बघितलेला नसतो. त्याच्याबद्दल फोनवर दोन संदेश आहेत. एकात औरंगजेबाने त्याला बळजबरीने मुसलमान केलं. दुसऱ्यात तो स्वखुशीने मुसलमान झाला आणि म्हणून नागपूर 'आपलं' शहर. दोन्ही संदेशांना आणि पुस्तकांत येणाऱ्या कथेला एक गोष्ट समान आहे, तो दिल्लीला औरंगजेबाच्या दरबारात गेला. मी मुलांना इतकंच सांगितलं, की त्याचं धर्मांतर १६८६ च्या सुमाराचं मानतात. तेव्हा बादशहा कुठे होता ते शोधा.

हे शोधायला मोठं ग्रंथालय लागत नाही. शालेय पुस्तकातही सापडतं की औरंगजेब १६८१ मध्ये दख्खनेत उतरला आणि १७०७ ला अहमदनगरला मरेपर्यंत परत दिल्लीला गेला नाही. १६८६ साली तो विजापूरच्या वेढ्यात होता. दोन मुलं धावतच आली, "सर, दिल्लीत तं बादशाच नवता!" त्यांना वाटलं सगळी गोष्टच खोटी पडली. मग मीच त्यांना मागे ओढलं. आपण रोज म्हणतो ना, दिल्लीने ठरवलं, मुंबईने मंजूर केलं? लोकांच्या बोलण्यात दिल्ली म्हणजे बादशहा जिथे असेल तिथे. तेव्हा एक तपशील चुकला म्हणून गोष्ट टाकायची नाही आणि गोष्ट जुनी म्हणून तपशील गिळायचाही नाही.

पुढचा भाग तर दोन्ही संदेशांना अडचणीचा आहे. मुसलमान झालेला हाच राजा पुढे औरंगजेबाविरुद्ध उठला, आणि चिडलेल्या बादशहाने त्याला बख्त बुलंद म्हणजे उंच नशिबाचा न म्हणता 'निगून बख्त', फुटक्या नशिबाचा, म्हणावं असं फर्मावलं. मोगल दरबारच्या कागदांतली ही गोष्ट जदुनाथ सरकारांनी पुढे आणली. दुसरीकडे रेसिडेंट जेंकिन्सने नागपूर राज्यावरच्या आपल्या १८२७ च्या अहवालात बख्त बुलंदची स्तुती केली आहे. त्याने सगळीकडून कष्टाळू लोक आणून वसवले, हिंदू-मुसलमान न बघता लायक माणसं कामाला ठेवली. वाचायला गोड आहे. पण जेंकिन्स सव्वाशे वर्षांनंतर लिहितोय, ऐकलेलं लिहितोय, आणि तो भोसल्यांच्या राज्याचा कारभार हातात घेतलेल्या कंपनीचा माणूस आहे. भोसल्यांच्या आधीचा राजा चांगला दाखवण्यात त्याचं काय जाणार? ती वाक्यं मला फार आवडतात. म्हणूनच मी मुलांना ती शेवटी दाखवतो, आणि ती कोणी लिहिली ते आधी सांगतो.

गेल्या शिवजयंतीला मला पुन्हा बोलावणं आलं. मी आग्र्याचीच गोष्ट घेतली. परकालदास, सभासद, आणि पाय रगडणारा तो पोरगा. म्हटलं, त्याचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही, नंतरच्या लोकांनी त्याला एक नाव दिलं. मागे याच जागेवरून मी ते नाव खात्रीचं म्हणून सांगितलं होतं, ते माझं चुकलं. मग सिद्दी इब्राहीम आणि खाफीखान सांगितले. टाळ्या पडल्या, मागच्यापेक्षा कमी. संयोजकांपैकी एकजण चहा देताना म्हणाला, "सर, राग नका मानू, पण मागची गोष्टच जोरात झाली होती." मी म्हटलं, खरं आहे.

दोन महिन्यांनी मशिदीबाहेर मला थांबवणारे ते वडीलधारे संध्याकाळी घरी आले. काखेत कापडात गुंडाळलेलं पुडकं होतं. आमच्या घराण्याला बख्त बुलंदने जमीन दिली तिची ही सनद, असं अब्बा सांगायचे, ते म्हणाले. पिढ्यान् पिढ्या पत्र्याच्या पेटीत होती. कधी कोणाला दाखवली नाही. "तुम्ही पाहा. आणि मास्टरसाब, नसली तर नाही म्हणून सांगा."

मी ती उघडली. घडीवर फाटलेला जाड कागद, काळी शाई, अक्षरं एकमेकांत गुंतलेली. मोडी. मला मोडी येत नाही, पण ती फारसी नाही एवढं नक्की होतं. त्यांच्या परवानगीने मी तिचा फोटो वर्गात नेला. बराच वेळ सगळे वाकून बघत होते. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, बख्त बुलंदच्या येळचा असता तं फारसीत नसता का?" दुसरा म्हणाला, "भोसल्याच्या येळंले कोनी नक्कल केली असंल." तिसरीने विचारलं की नक्कल असेल तर मूळ कोणाकडे होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही नागपूरला मोडी वाचणाऱ्याकडे जाणार आहोत. ते वडीलधारे पण येतो म्हणाले. पुडकं त्यांनी माझ्याकडे ठेवलेलं नाही. घरी परत नेलं आणि पेटीला नवीन कुलूप लावलं.